आईची टाच

आईच्या हातांवर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तिच्या टाचेवर लिहिणार आहे.

आमच्याकडे, भाईंदर पूर्वेला, पहाटे साडेचारला नळ येतो. आई उठून पहिले पाऊल टाकते आणि भिंत धरते. टाचेत कुणी खिळा ठोकावा तशी कळ! दहा-पंधरा पावले टाकली की ती ओसरते, बादल्या भरल्या जातात. म्हणून मला वाटे, दुखणे फारसे खरे नसावे. एकदा मी तसे बोललोही. ती काहीच म्हणाली नाही.

आई स्टीलच्या भांड्यांच्या एका गाळ्यात कामाला आहे. पॉलिश झालेली भांडी पुसायची, लेबल लावायचे, खोक्यांत भरायची. नऊ तास लादीवर, उभ्याने. एक्स-रेमध्ये 'हाड वाढलंय' असे निघाले तेव्हा तिने आशाच सोडली. मोडलेले हाड जुळते, वाढलेले कसे कमी होणार?

यंदा मी हट्टाने तिला सरकारी दवाखान्यात नेले. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर पाऊल काढून दाखवले. टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळापर्यंत तळव्याखाली एक जाड पट्टा असतो. सतत उभे राहून तो टाचेपाशी दुखावतो. रात्री पाऊल सैल पडले की आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. चालल्यावर कळ ओसरते ती त्यामुळेच! मी मान खाली घातली. वाढलेले हाड तर न दुखणाऱ्या टाचांतही सापडते म्हणे. उपाय साधे: उठण्यापूर्वी तळव्याला टॉवेल अडकवून पाऊल आपल्याकडे ओढायचे, भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, घरातही मऊ चपला घालायच्या. बहुतेकांना बरे वाटते, पण महिने लागतात.

"आणि उभं राहणं कमी करा." आई हसली.

मी ग्रंथालयात १९४८ चा जुना कारखाने अधिनियम काढला. कलम ४४ मध्ये लिहिले होते की, उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय असावी, मध्ये सवड मिळेल तेव्हा टेकता यावे. केरळने तर २०१८ मध्ये दुकानांतल्या नोकरांनाही बसण्याचा हक्क दिला. पण सात माणसांच्या गाळ्याला कारखान्यांचा कायदा लागत नाही. घरात कायदा वाचणारा मी पहिलाच, आणि वाचून आईला सांगायचे ते हे! शेवटी तिनेच मालकांना स्टूल मागितले. "बघू," म्हणाले. अजून बघताहेत.

परवा नळ आला तेव्हा आई अंथरुणातच टॉवेल ओढत बसली होती. "आज बादली तू लाव," ती म्हणाली. मी उठलो.