भगवानदादा

भाद्रपदात गणरायाच्या विसर्जनाची मिरवणूक निघाली, की थोर-लहान सारेच नाचू लागतात. जालना जिल्ह्यातील राजूरसारखे गणपतीचे प्रसिद्ध स्थान असो की मुंबईची गजबजलेली चाळ, महाराष्ट्राला हे दृश्य परिचित आहे. एक हात उंच धरावा, खांदे हलकेच उडवावेत आणि दोन पावले पुढे, दोन मागे टाकीत ताल धरावा. या साध्या, मोकळ्या नाचाला ज्यांनी चित्रपटात मानाचे स्थान मिळवून दिले, ते विनोदी नट म्हणजे भगवान आबाजी पालव होत.

त्यांचा जन्म १ ऑगस्ट १९१३ रोजी अमरावतीस झाला. वडील कापडगिरणीत कामाला होते. मुंबईच्या कामगारवस्तीत वाढलेल्या भगवानने काही काळ मजुरीही केली. परंतु त्याचे सारे चित्त चित्रपटात गुंतलेले असे. त्याला कुस्तीचाही मोठा नाद होता. त्यावरूनच लोक त्याला ‘दादा’ म्हणू लागले. मूकपटांच्या काळात किरकोळ कामे करता करता त्याने चित्रपटकलेची सारी अंगे शिकून घेतली. पुढे भगवानदादा अल्प खर्चात मारामारीचे बोलपट काढू लागले. कष्टकरी प्रेक्षकांना ते फार आवडत.

दादांची अंगलट स्थूल होती; चेहराही नायकाला शोभेल असा नव्हता. तरीही १९५१ साली त्यांनी ‘अलबेला’ हा चित्रपट स्वतः निर्माण केला, दिग्दर्शित केला आणि त्यात नायकाचे कामही केले. गीता बाली नायिका होत्या आणि संगीत होते सी. रामचंद्र यांचे. रंगभूमीच्या वेडाने घर सोडणाऱ्या एका गरीब तरुणाची ती कथा. तिने लोकांना वेड लावले. दादांच्या नाचात अवघड गिरक्या नव्हत्या. पाहणाऱ्याला वाटे, ‘हे तर मलाही जमेल!’

दादांना वैभव लाभले. आठवड्याच्या प्रत्येक वारासाठी त्यांच्याकडे निराळी मोटार होती, असे सांगतात. परंतु पुढील चित्रपटांना तसे यश आले नाही. बंगला गेला, मोटारी गेल्या आणि दादा पुन्हा दादरच्या चाळीत राहावयास आले. एकेकाळचा हा नायक आता दुसऱ्यांच्या चित्रपटांत लहानसहान कामे करू लागला. कित्येकदा तर गर्दीत चार पावले नाचण्यापुरतेच काम असे. दादांनी त्यात कमीपणा मानला नाही. ती चार पावलेही ते पूर्वीच्याच आनंदाने टाकीत.

४ फेब्रुवारी २००२ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या नाचाची लकब अमिताभ बच्चन यांच्यासारख्या नटांनी उचलली, आणि २०१६ साली त्यांच्या जीवनावर मराठी चित्रपटही निघाला. दादांचे धन कधीच ओसरले होते. पण मिरवणुकीत ताल धरणाऱ्या मुलांच्या पावलांत त्यांचा नाच अजूनही दिसतो. त्यांतील कित्येकांना दादांचे नावही ठाऊक नसते.