बिलबुक

कसबा पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत बाबांचा धंदा आणि आमचा संसार एकाच कपाटात राहायचा. वरच्या फळीवर ऑइलपेंटचे डबे, चपटे ब्रश, खडू लावलेली सुतळी. मधे आमचे कपडे. आणि खालच्या खणात बिलबुकं. बाबा पेंटर होते, पण चित्रं काढणारे नव्हेत. दुकानांच्या पाट्या, पत्र्याचे बोर्ड, भिंतीवरच्या जाहिराती. दर चौरस फुटावर. सगळं पुणं ज्या खोचक पाट्यांची कौतुकं सांगत फिरतं, तसली एकही त्यांनी रंगवली नाही. त्यांच्या वाट्याला 'येथे शिलाई मशीन दुरुस्त करून मिळेल' असलंच काही यायचं.

बिलबुक अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका छापखान्यातून छापून यायचं. वर पांढरं पान, खाली गुलाबी, मधे सरकवायचा कार्बन, आणि तळाला बारीक अक्षरात 'भूलचूक देणे घेणे'. बाबांचं बोर्डावरचं अक्षर बघत राहावं असं. बिलावरचं मात्र त्यांचं त्यांनाच लागत नसे. त्यामुळे सातवी-आठवीपासून बिलं मी लिहायची. कार्बन उलटा लागला तर अक्षर पांढऱ्या पानाच्याच पाठीवर उमटतं आणि गुलाबी कोरं राहतं, हे हिशेबातलं माझं पहिलं ज्ञान.

बाबांची पद्धत ठरलेली होती. मजकूर गिऱ्हाइकाने स्वतःच्या हाताने लिहून द्यायचा, खाली सही करायची. निम्मे पैसे आधी. उरलेले, बोर्ड शिडीवर चढायच्या आधी. ती चिठ्ठी मग गुलाबी पानाला टाचली जायची. रविवार पेठेतल्या एका भांडीवाल्याने एकदा रस्त्यात उभं राहून आरडाओरडा केला, मुलाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय म्हणून. बाबा काही बोलले नाहीत. मला म्हणाले, "चिठ्ठी काढ गं." भांडीवाल्याने स्वतःचंच अक्षर पाहिलं, पानाची पिंक टाकली आणि पुन्हा रंगवायचे पैसे दिले. मला तेव्हा बाबा फार व्यवहारी वाटले होते, थोडे कोरडेच.

दोन हजार सालानंतर फ्लेक्स आलं. संध्याकाळी मजकूर दिला की सकाळी वीस फुटी चेहरा चौकात. बाबांचे ब्रश टर्पेंटाइनमध्ये बुडायचे थांबले. शेवटच्या बिलबुकाची निम्मी पानं कोरी राहिली. आईने त्यांवर दुधाचा हिशेब लिहिला.

मी मराठी घेऊन बी. ए. झाले आणि जाहिरातींचा मजकूर लिहायला लागले. बाबांचाच धंदा, फक्त शिडी नाही. काही वर्षं नोकरी केली, मग बाणेरच्या एका मार्केटिंग कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर गेले. कागदावर माझं नाव 'कन्सल्टंट'. पीएफ नाही, रजा नाही. हजेरी मात्र होती. सकाळचा 'स्टँड-अप' सगळे बसून करायचे आणि तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत चालायचा. एकाच ब्रोशरबद्दल तीन मॅनेजर तीन गोष्टी सांगायचे. संध्याकाळी संस्थापक यायचे आणि चौथी सांगून जायचे. लिहून कुणीच द्यायचं नाही. फोनवर, लिफ्टमध्ये, गाडी काढता काढता. कुणी चांगलं काम करत नव्हतं असं नाही. डिझाइनची पोरं रात्री अकरापर्यंत बसायची. पण झालेल्या कामाला 'झालं' म्हणायचा अधिकार त्या काचेच्या इमारतीत नेमका कुणाकडे आहे, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

२०२३च्या गणपतीत एका बिल्डरचं काम होतं, मंडळांच्या कमानींवर लावायचं. सगळ्यांचं एकमत झालं ते हरतालिकेच्या रात्री. त्या वर्षीच्या १ ऑगस्टपासून महारेराने गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांकाबरोबर क्यूआर कोडही सक्तीचा केला होता. तो नसेल तर दंड. माझ्या मजकुरात कोडची जागा दाखवलेली होती. छपाईला गेलेल्या फाइलमध्ये ती कुणी तरी बिल्डरच्या फोटोसाठी वापरली. पुन्हा छपाई आली. मीटिंगमध्ये प्रत्येकाने शेजारच्याकडे पाहिलं आणि शेवटी सगळ्यांची नजर अशा माणसाकडे वळली, जो पगारपत्रकावर नव्हता. चूक 'कॉन्ट्रॅक्टरकडून' झाली असं ठरलं आणि माझं बिल होल्डवर गेलं. ढिसाळ कारभाराचा खर्च आतल्या कुणाच्या नावावर टाकायचा तर भांडण, चौकशी, राजीनामा. बाहेरच्याच्या नावावर तो गुपचूप बसतो. कॉन्ट्रॅक्टर ठेवण्याचे जे फायदे सांगतात, त्यांत हा कुणी मोजत नाही, पण सगळ्यांत जास्त वापरला जातो तो हाच.

पुढचे महिने बिलामागे गेले. पीओ, म्हणजे पर्चेस ऑर्डरचा नंबर हवा. पीओ काढणारी मॅनेजर नोकरी सोडून गेलेली. नवा म्हणाला, क्लायंटचे पैसे आले की तुमचे. दिवाळीनंतर सहज आयकर खात्याचं २६एएस उघडून पाहिलं तर त्यात माझ्या बिलावरचा दहा टक्के टीडीएस भरलेला दिसत होता. नियम असा की रक्कम देताना किंवा वहीत जमा दाखवताना, जे आधी घडेल तेव्हा कर कापायचा. वहीत मला कधीच जमा केलं होतं. माझे दहा टक्के सरकारकडे पोचले होते, नव्वद बाणेरमध्ये होते.

बाबा विचारायचे, "चिठ्ठी घेतली होतीस ना?" मी ईमेल म्हणायचे. ते म्हणायचे, "त्यावर त्यांची सही आहे का तुझी?"

पैसे निघाले ते मार्चमध्ये, आणि कुणाला माझी दया आली म्हणून नव्हे. एका सीए मैत्रिणीच्या आग्रहाने मी उद्यम नोंदणी आधीच केलेली होती. २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे छोट्या उद्योगाचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाही तर बँक रेटच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज. हे तेव्हा सतरा वर्षं कायद्यात होतं आणि कुणाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. पण २०२३-२४पासून आयकराच्या ४३ब कलमात भर पडली: मुदतीत न दिलेली अशी रक्कम, ती प्रत्यक्ष देईपर्यंत खर्चात धरता येत नाही. थकबाकी राहिली तर कर वाढतो म्हटल्यावर मार्चअखेरीस अकाउंट्सचा माणूस स्वतः फोन करून मला 'मॅडम' म्हणाला. पीओची आठवण कुणी काढली नाही. व्याजाचीही नाही.

आता मी निम्मे आधी घेते. बाबांना त्यात काही नवं वाटत नाही. गेल्या महिन्यात त्याच कंपनीतून एका मुलीचा फोन आला, गणपतीचं काम आहे, नवी टीम आहे, व्हेंडर फॉर्म पुन्हा भरावा लागेल. मी ब्रीफ लेखी आणि सहीनिशी मागितलं, आणि अ‍ॅडव्हान्स. ती बिचारी गोंधळली. म्हणाली, सिस्टिममध्ये अ‍ॅडव्हान्सचा रकाना नाही, अपवाद करायचा तर एक सही लागेल. कुणाची, मी विचारलं. ते ती विचारून सांगणार आहे.