दहा मिनिटं, मॅडम!

अगं, तुझं चार ओळींचं पत्र मिळालं. कंजूष ती कंजूषच! मी मात्र ऐसपैस लिहिणार, तू चहा टाकून वाच.

यंदा वाणिज्यच्या दुसऱ्या वर्षाला 'माहिती तपासायची कशी' हे शिकवायचं माझ्या गळ्यात पडलंय. तुला सांगते, पनवेलमध्ये त्याला पुस्तक लागतच नाही. प्लॉटच्या जाहिराती घेऊन या म्हटलं, तर पोरांनी गठ्ठेच आणले. सगळे प्लॉट इथल्या नव्या विमानतळापासून दहा मिनिटांवर! २०१८ मध्ये पायाभरणी झाली तेव्हाही दहाच, आणि ८ ऑक्टोबर २०२५ला उद्घाटन झालं तेव्हाही दहाच. मग महारेराचा नोंदणी क्रमांक शोधा, क्यूआर कोड स्कॅन करा (१ ऑगस्ट २०२३पासून तो जाहिरातीत सक्तीचा आहे), सातबारा कुणाच्या नावावर ते बघा, असं सुरू झालं. एक मुलगा कसनुसा उभा राहिला. "मॅडम, हे पत्रक बाबांचंच आहे." सगळा वर्ग खिदळला. पण पठ्ठ्याने घरी विचारलंच, दहा मिनिटं मोजली कशी? उत्तर आलं, "रात्री दोनला, रस्ता मोकळा असताना." बाबांना पैकीच्या पैकी द्यावेसे वाटले मला!

बँकांवर आलो आणि हसणं थांबलं. कर्नाळा नागरी सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१मध्ये रद्द केला, ते इथे कोण विसरेल? ठेवींवरचा विमा पाच लाखांपर्यंतचा आणि २०२०च्या आधी तो लाखाचाच होता, हे एका मुलीला तोंडपाठ. तिने विचारलं, "तिथे ठेव ठेवताना माझ्या आजीने काय तपासायला हवं होतं?"

मला तो प्रश्नच पटेना गं. आजीने ताळेबंद मागितला असता तर कुणी दिला असता तिला? सगळं तपासायचं ते ठेवीदारानेच, मग लेखापरीक्षक कशाला असतात? उद्या ताळेबंदांवर सह्या करणार ती हीच पोरं. म्हणून आता मी विचारते, सही करण्याआधी तुम्ही काय काय बघाल? तिथे भल्याभल्यांची दातखीळ बसते. तुझी बसायची ना तोंडी परीक्षेत, तश्शी!

बरं, तुझ्या दिरांना इकडे प्लॉट घ्यायचाय ना? पैसे भरायच्या आधी जाहिरातीचा फोटो पाठव. पुढच्या तासाला पोरांपुढे टाकते.