ग्राफिक कार्ड नसलेल्यांसाठी काही गेम्स (आणि रोह्याचं घर)

गेल्या शनिवारी इथे काहीच खरडलं नाही म्हणून दोघा-तिघांनी झापलं. कारण सांगतो, पण आधी गेम्स.

तर मंडळी, माझ्याकडे ग्राफिक कार्ड नाही. पेणच्या घरी सहा वर्षं जुना लॅपटॉप आहे. त्याचा पंखा सुरू झाला की आई स्वयंपाकघरातून विचारते, "मिक्सर लावलास का रे?" हापिसातली पोरं शंभर-शंभर जीबीचे गेम्स उतरवतात आणि सोमवारी जेवताना त्यावर बोलतात. मी आपला भेंडी खात ऐकतो. मी खेळतो ते एका-दोघांनी, फार तर पाच-दहा जणांनी मिळून बनवलेले छोटे गेम्स. इंडी म्हणतात त्यांना. हा प्रकार पेणकराला फार समजवावा लागत नाही. आमच्या हमरापूर-जोह्याकडे घराघरांत गणपतीचे कारखाने. साचा तोच असला तरी डोळे कुणी आखलेत ते जाणकाराला लांबून कळतं. ह्या गेम्सचंही तसंच असतं.

पहिला 'अ शॉर्ट हाइक' (२०१९). अॅडम रॉबिन्सन-यू नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने बनवलेला. एक पक्षीण आहे, क्लेअर. तिला एका महत्त्वाच्या फोनची वाट बघायची आहे आणि बेटावर रेंज नाही. म्हणून ती डोंगर चढते. बस्स, एवढीच गोष्ट! वाटेत कुणी मासे पकडायला शिकवतो, कुणाचं काही हरवलेलं असतं, आणि आपण डोंगर विसरून भलतीकडेच भटकत राहतो. फोन कुणाचा ते सांगत नाही. रोह्याला आमच्या आजोळी फक्त माडीच्या खिडकीत रेंज यायची, त्यामुळे मला ही पोरगी पहिल्या मिनिटालाच आपली वाटली. दीड-दोन तासांत संपतो. स्टीमवर दोन तासांच्या आत खेळून चौदा दिवसांत पैसे परत मागता येतात हे मला माहीत आहे, तुम्हालाही माहीत असेल. ह्या गेमला तसं करू नका, पाप लागेल.

दुसरा 'रेल रूट'. चेक मंडळींनी बनवलाय. काळ्या पडद्यावर नुसत्या रेघा, आणि आपण सिग्नलच्या पॅनेलवर बसलेलो. दिवा-रोहा मेमू कासूच्या आसपास उगाच उभी राहिली की मी आजवर मनसोक्त शिव्या घातल्यात. मध्य रेल्वे रोह्याला संपते आणि तिथून पुढे कोकण रेल्वे सुरू होते, म्हणजे मागून-पुढून गाड्याच गाड्या. ह्या गेममध्ये एका एक्सप्रेसला वाट द्यायला मी स्वतः तीन पॅसेंजर अडकवून ठेवल्या आणि चौथीला विसरूनच गेलो. तेव्हापासून तोंड जरा कमी चालतं.

पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा 'राजी' (२०२०) सुंदर आहे, पण माझ्या लॅपटॉपचा जीव जातो. कार्ड असेल तर जरूर खेळा. 'वेन्बा'सुद्धा (२०२३): कॅनडातलं तमिळ कुटुंब, आईची पाककृतींची वही फाटलेली, डाग पडलेली, आणि गेलेले शब्द आपण ओळखून इडली करायची. खेळताना भूक लागते, जेवून बसा.

आता 'फरगॉटन फील्ड्स' (२०२१). ह्याच्यासाठीच ही पोस्ट. गोव्यात राहणाऱ्या अरमान संधूचा गेम. त्याचा आधीचा 'रेन्सवेप्ट' खुनाच्या तपासाचा होता. हा मात्र आपल्या किनाऱ्याचा वास असलेला. सिड नावाचा लेखक. काही सुचत नाही, लिहून द्यायची मुदत डोक्यावर, आणि लहानपणचं घर विकलं जाणार म्हणून तिथे शेवटचं सगळ्यांना जमायचंय. कंट्रोल्स बोंबलेले आहेत, सिड चालता चालता भिंतीला धडकतो, वेग कासवाचा. तरीही.

कारण त्याच आठवड्यात मामाचा फोन आला होता. "पंधरा तारखेला खरेदीखत आहे. त्याआधी एकदा येऊन जा रे." आजी गेल्यावर आईने हक्कसोडपत्रावर सही केली, एक शब्द न बोलता. त्यानंतर चार वर्षं ती रोह्याला गेली नाही. मामानेही बोलावलं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. मी आईच्या बाजूने म्हणून जात नव्हतो, असं मी स्वतःला सांगायचो. खरं म्हणजे कंटाळा. मामाला म्हटलं, "रिलीज आहे, बघतो." रिलीज मागच्याच आठवड्यात होऊन गेलं होतं.

शुक्रवारी रात्री गेम लावला. तासाभरात बंद केला आणि बाहेर जाऊन आईला म्हटलं, "उद्या रोह्याला जाऊया."

"तुला रिलीज आहे ना?"

"नाहीये."

ती काही बोलली नाही. सकाळी उठलो तर साडी नेसून तयार.

रोह्याच्या घरात खोकीच खोकी. माडीवर आमचा जुना मॉनिटर सापडला, ज्यावर दादा आणि मी रात्र-रात्र 'व्हाइस सिटी' खेळायचो. दादा म्हणजे मामाचा मुलगा. आजी ओरडायची नाही, सरळ मेन स्विच बंद करायची. खाली मामाने स्वतः चहा केला. आईने पहिला घोट घेऊन "साखर जास्त झाली" म्हटलं, आणि मग दोघं पितळेची भांडी मोजायला बसली. मोजताना आकडा चुकला की पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्यांदा चुकला तेव्हा दोघंही हसत होती. आईने निघताना फक्त आजीचं पुरणयंत्र घेतलं.

दुपारी दादा म्हणाला, "लॅपटॉप आणलायस का?" माडीच्या खिडकीत मोबाईल ठेवून त्याच्या हॉटस्पॉटवर 'अ शॉर्ट हाइक' उतरवला. अर्धा तास लागला. क्लेअर निम्म्या डोंगरावर पोचली तेव्हा मामा हातात सुतळी घेऊन मागे येऊन उभा राहिला.

"ही कुठे चाललीय?"

"रेंज शोधायला," दादा म्हणाला.

मामाने खिडकीतल्या मोबाईलकडे बघितलं आणि म्हणाला, "मग तिला इकडे यायला सांग."