बोल कुणाला लागला

मशीनवर निघालेल्या दोन नगांत फरक नसतो, फरक असतो तो वापरणाऱ्याच्या हातात, असं मी कित्येक वर्षं मानत आलो. आयटीआय करून आसनगावजवळच्या एका कारखान्यात क्वालिटीला लागलो आणि ही समजूत आणखीच घट्ट झाली. गेज बसला तर नग पास, नाही बसला तर रिजेक्ट; मधलं काही नाही. या समजुतीपायी मी धाकट्या मामांवर अन्याय केला. तो लिहून काढल्याशिवाय मला बरं वाटणार नाही.

माझं आजोळ मुरबाड तालुक्यात, टोकावड्याच्या बाजूला. दोन्ही मामांनी साठच्या दशकात मुंबईच्या व्यापाऱ्याकडून शिकारीच्या रायफली घेतल्या होत्या. कंपनी परदेशी, दोन्ही एकाच मॉडेलच्या. 1972 चा वन्यजीव कायदा आला, शिकार थांबली आणि रायफली पीकसंरक्षणाच्या परवान्यावर घरात राहिल्या. पण तोवर दोघांची ख्याती ठरून गेली होती. थोरल्यांचा बार वाया जात नसे. धाकट्यांचा कधी डावीकडे जाई, कधी वर. "माझा हात नाय रं, नळी फिरते," असं ते म्हणायचे आणि ओटीवर हशा पिकायचा. नाचता येईना अंगण वाकडे! ही म्हण त्या घरात इतकी रुळली होती की कुणी नुसतं 'अंगण' म्हटलं तरी पुरत असे.

त्या हशावर शिक्का मारला तो मी. एका गणपतीत सगळे जमले असताना मी लिमिट म्हणजे काय, गेज म्हणजे काय, हे समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणालो, "मामा, एकाच मशीनवरच्या दोन नळ्या वेगळ्या वागतील कशा?" मामा काही बोलले नाहीत. त्यानंतर त्यांनी नळीचं नाव कधी काढलं नाही. मला मात्र आपण शिकलो त्याचं चीज झालं असं वाटलं. इतरांचं हसणं अडाण्यांचं म्हणून सोडून देता आलं असतं. माझं बोलणं जाणकाराचं होतं, म्हणून ते त्यांना जास्त लागलं असणार.

थोरले मामा गेले. त्यांची रायफल परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची होती. धाकट्या मामांनीही आता हे लोढणं नको म्हणून आपली सोबतच द्यायचं ठरवलं. कागदपत्रं उरकून मामेभाऊ आणि मी मुंबईला गेलो. ऐन पावसाळ्याचे दिवस. तिथल्या वयस्कर मिस्त्रींनी दोन्ही रायफली रिकाम्या आहेत ना ते बघितलं, बोल्ट काढले आणि नळ्यांची तोंडं दिव्याखाली धरली. दुसरीपाशी ते थांबले. मी त्यांच्याकडचं भिंग मागून घेतलं.

गोळी जिथून नळी सोडते त्या तोंडाशी आतल्या कडेला बारीक चॅम्फर, म्हणजे तिरका काप, असतो. थोरल्या मामांच्या नळीचा चॅम्फर चारी बाजूंनी सारखा होता. धाकट्यांच्या नळीचा एका बाजूला रुंद, समोरच्या बाजूला जवळजवळ नाहीच. आणि तिथेच नळीतल्या पिळाच्या एका खाचेच्या टोकावर बर (कापताना उरलेला धातूचा काटा) राहिलेला. साफ करायच्या गजानं कड खाल्ली असेल, असं मी म्हणालो. खरं सांगायचं तर तेव्हाही मी कारखान्याचीच बाजू घेत होतो. मिस्त्री म्हणाले, "झिजलं असतं तर पांढरं पडलं असतं. ब्लूइंग बघा." मी पुन्हा पाहिलं. चॅम्फरवर, बरवर, सगळीकडे निळसर काळा थर अखंड होता. म्हणजे कड आधी वाकडी कापली गेली आणि रंग तिच्यावर नंतर चढला. ती नळी कारखान्यातून निघाली तीच अशी.

गोळीचं बूड नळीतून सुटतं त्या क्षणी मागचा वायू बाहेर पडतो. कड वाकडी असेल तर तो एका बाजूनं आधी निसटतो आणि गोळीला ढकलतो. "पण एवढ्यानंच होत नाही," असं म्हणत मिस्त्रींनी कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामध्ये सरकवली. थोरल्यांच्या रायफलीत ती सरळ मागपर्यंत गेली. धाकट्यांच्या रायफलीत टोकाशीच अडकली. लाकूड पावसाळी हवेनं फुगून एका अंगानं नळीला दाबत होतं. उन्हाळ्यात दाब कमी, पावसात जास्त. नेमही त्याप्रमाणे हलणार.

भिंग हातात धरून मी बराच वेळ तसाच उभा होतो. असा जॉब माझ्या टेबलावर आला असता तर मी तो तिथल्या तिथे बाजूला काढला असता. ही कड मात्र वर्षानुवर्षं आजोळच्या माजघरात होती, मी तिच्याशेजारी जेवलो, झोपलो, आणि एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही. तपासायचा पगार घेणाऱ्या माणसानं न तपासता निकाल दिला होता.

मग या विषयावर मिळेल ते वाचलं. पोलादी दांड्याला लांब गनड्रिलनं आरपार भोक पाडतात, रीमरनं ते साफ करतात आणि आत पिळाच्या खाचा पाडतात. कुठे एकेक खाच कापतात. कुठे कार्बाइडचं बटण ओढून दाबतात. कुठे आत खाचांचा उलटा ठसा असलेला मँड्रेल ठेवून बाहेरून थंड पोलादावर यांत्रिक हातोडे मारतात. ही हातोड्याची रीत दुसऱ्या महायुद्धात जर्मनीत मशिनगनच्या नळ्यांसाठी पुढे आली. दाबल्या-ठोकलेल्या पोलादात ताण उरतो. तो नीट काढला नाही, तर चार बार झाल्यावर तापलेली नळी केसभर वळते. नळी फिरते, असं मामा म्हणायचे ते हेच! चेंबर कापणारा रीमर धार लावता लावता बारीक होत जातो. नव्या रीमरखालची नळी आणि त्याच रीमरखालची शेवटची नळी, दोन्ही लिमिटमध्ये, दोन्ही पास, पण काडतूस एकीत घट्ट बसतं आणि दुसरीत सैल. असे बारीकसारीक फरक एका रायफलीत एकमेकांना खाऊन टाकतात, दुसरीत एकाच दिशेनं साठत जातात. अंशाचा साठावा भाग म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण 100 मीटरवर तेवढ्यानं 29 मिलिमीटर फरक पडतो.

ज्याच्या नावाचे आटे आमच्या धंद्यात अजून चालतात, त्या जोसेफ व्हिटवर्थला 1850 च्या दशकात ब्रिटिश सरकारनं एन्फिल्ड रायफलींसाठी यंत्रं करायला सांगितलं. आधी चांगली नळी कशानं होते ते कळू द्या, असं म्हणून त्यानं मँचेस्टरला 500 यार्डांची बंदिस्त गॅलरी बांधून घेतली, वाऱ्याचा बहाणा नको म्हणून. 2 जुलै 1860 ला विम्बल्डनला राणी व्हिक्टोरियानं व्हिटवर्थची रायफल उडवली तीही स्टँडवर आवळलेली. राणीनं फक्त दोरी ओढली आणि गोळी 400 यार्डांवर निशाणाच्या मध्यापासून दीड इंचाच्या आत लागली. माणूस मधून काढला की हत्याराचा गुणदोष उघडा पडतो. आजही 50 मीटरच्या स्पर्धांचे मोठे नेमबाज काडतुसांचे वेगवेगळे लॉट आपल्या नळीतून झाडून बघतात आणि जुळेल तोच लॉट घेतात. त्यांना कुणी अंगण वाकडं म्हणून हिणवत नाही.

मुरबाडला जाऊन मामांना सगळं सांगितलं. बरचं चित्र काढून दाखवलं. ते ऐकत होते.

"दादाची बंदूक मी कधी हातात घेतली नाय," ते म्हणाले. "घेतली असती तर कळलं असतं का रं?"

"लगेच कळलं असतं, मामा."

आमच्याकडे माप बाहेर गेलं की पहिल्यांदा हेच करतात: तेच मशीन, दुसरा माणूस, तोच माणूस, दुसरं मशीन. नव्या पोराला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्या गणपतीत मला हे माहीत होतं. दोघांनी एकदा रायफली बदलून बघा, एवढंच म्हणायला हवं होतं. थोरल्यांच्या वस्तूला हात लावायची त्या घरात रीत नव्हती, पण भाच्यानं म्हटलं असतं तर थोरले नाही म्हणाले नसते. मी हे मामांना सांगितलं आणि माफी मागितली. त्यावर ते काही बोलले नाहीत.

थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "ती कड नीट करता येते?"

"येते. लेथवर तोंड पुन्हा कापायचं. लाकूडही आतून तासून नळी मोकळी करता येईल."

"मग विकायच्या आधी तेवढं करून घे. जो घेईल त्याला उगाच बोल नको लागायला."

दुसऱ्याच दिवशी मिस्त्रींना फोन करून दोन्ही कामं सांगितली. चॅम्फर कापून झाल्यावर, ब्लूइंग चढायच्या आधी, मी स्वतः येऊन बघणार आहे, हेही सांगून ठेवलं.