आत्याचं वाचन

आत्याला अक्षरओळख नव्हती. तरी ‘श्यामची आई’, ‘बनगरवाडी’ आणि ‘सिंहासन’ या तिन्ही पुस्तकांवरून ती माझ्याशी भांडत असे. मी आज जे काही वाचतो, ते तिच्या उधारीवर.

नर्सी नामदेव हे तिचं सासर. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होती. मी तिथं कॉलेजात, आणि सुट्टी लागली की आत्याकडे. हळद शिजवून वाळवून झाली की तिला जरा उसंत मिळे. दूरदर्शनवर मराठी पिच्चर असला की शेजारच्या बाया ओसरीवर जमत. पिच्चर संपून बाया उठल्या की माझी उलटतपासणी सुरू : “पुस्तकात बी असंच हाय का रं?” ठाऊक नाही म्हणायची सोय नव्हती. पुस्तक हुडकून आणायचं आणि जेवणं झाल्यावर वाचून दाखवायचं, हे माझ्याकडे लागलं.

सुरुवात ‘श्यामची आई’नं झाली. आचार्य अत्र्यांचा १९५३चा चित्रपट, राष्ट्रपतींच्या सुवर्णपदकाचा पहिला मानकरी. वनमालाबाईंना पाहून आत्या पदर भिजेपर्यंत रडली. साने गुरुजींच्या रात्री एकेक करून ऐकताना मात्र तिचं रडणं आटलं आणि प्रश्न वाढले. कर्ज कामून काढलं? घरावर जप्ती येईस्तवर भाऊबंद काय करत होते? पडद्यावर तिला आई दिसली होती. पुस्तकात ती घर बुडण्याचा हिशेब शोधत होती. गुरुजींनी हे नाशिकच्या तुरुंगात लिहिलं, असं सांगितल्यावर म्हणाली, “तरीच.” तिच्या त्या ‘तरीच’वर मी अजून विचार करतो.

‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५मध्ये चित्रपट केला. माडगूळकरांचा तो पोरगेला मास्तर आणि गावानं राबून उभी केलेली तालीम तिला फार आवडली. पण पुस्तकात दुष्काळ आला आणि तिनं मला हातानं थांबवलं. बहात्तर साली ती स्वतः खडी फोडायला गेली होती. रस्त्याचं काम, अंगावरचं लेकरू झाडाखाली, मिळेल ती सुकडी. घरात हे कुणी कधी बोललं नव्हतं. त्या रात्री पुढचं पान उलटलं नाही.

सिनेमानं कादंबरीची वाट लावली, असं म्हणणारे मित्र मला पुढे शहरात भेटले. त्यांच्याशी मी वाद घालतो तोही आत्याच्याच भांडवलावर. नामदेवांच्या गावात ती वाढलेली नसली तरी मुरलेली होती. कीर्तनकार एक अभंग घेतो आणि दोन तास बोलतो. दृष्टांत त्याचे, चाल त्याची, मध्येच गावातल्या कुणाची खोडीही. अभंगापेक्षा निरूपण वेगळं झालं म्हणून कुणी उठून जात नाही; फार तर, बुवा आज रंगले नाहीत, असं म्हणतात. पिच्चरलाही ती हाच न्याय लावायची. ‘जैत रे जैत’ पाहताना तिला गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीशी काही देणंघेणं नव्हतं. गाणी ना. धों. महानोरांची, म्हणजे आपल्या मराठवाड्याच्या माणसाची, एवढं कळल्यावर तिचं मन भरलं.

‘सिंहासन’ची मौज निराळी. निळू फुले दिसताच बाया सावरून बसल्या. हा आता कुणाच्या तरी अंगावर जाणार! पण जब्बार पटेलांनी त्यांना दिगू टिपणीस हा पत्रकार केलेलं. “ह्यो भला माणूस हाय?” आत्याचा शेवटपर्यंत विश्वास बसेना. मंत्रालयातलं राजकारण मात्र तिला चटकन उमगलं. ग्रामपंचायतीच्या निवडणुका तिनं पाहिल्या होत्या.

मी अरुण साधूंचं ‘सिंहासन’ मिळवून वाचलं. वाचून झाल्यावर सहज बोलून गेलो, की तेंडुलकरांनी पटकथा दोन कादंबऱ्यांवरून रचली होती, दुसरी ‘मुंबई दिनांक’.

“मंग ती कुठंय?”

“ती नाही आणली.”

“दोन पुस्तकांचा पिच्चर, अन् वाचून दावतो एकच व्हय रं? जा, सोमवारी घेऊन ये.”