अकरा महिन्यांचं घर

आठ वर्षांत तिसऱ्यांदा नव्या घरात दूध उतू घालवलं, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "अगं, किती वेळा घालवशील? दूध काय स्वस्त आहे?"

त्यांचा सगळा संसार शनिवार पेठेतल्या एका वाड्यात, भाड्याच्याच दोन खोल्यांत झाला. भाडं कायद्याने बांधलेलं, महिन्याच्या चहा-साखरेइतकंही नव्हतं. मालक कौलं बदलून देत नसे, पण 'उठा' असंही म्हणू शकत नसे. त्यामुळे अकरा महिन्यांचा करार त्यांच्या पचनीच पडत नाही. "घर आहे की धर्मशाळा?" म्हणतात.

आमची ही धर्मशाळा कोथरूडला. भाडं १८,००० रुपये. ऐकणाऱ्याला वाटतं, तेवढ्यात भागलं. छे! आधी डिपॉझिट ६०,०००. एजंटाला एक महिन्याचं भाडं, आणि घर दाखवायला त्याला पंधरा मिनिटं लागली होती. टेम्पो आणि हमाल मिळून ७,०००. कराराला मुद्रांक शुल्क पाव टक्का आणि शहरात नोंदणी फी १,००० रुपये, म्हणजे सरकारचे जेमतेम दीड हजार. पण अंगठा घ्यायला मशीन घेऊन घरी येणाऱ्याचे वेगळे. सोसायटीचा मेंटेनन्स कोण भरणार, हेही आधीच विचारून घ्यावं बरं का. आम्ही विचारलं नव्हतं. आणि पडदे तर कुठल्याच हिशेबात नसतात! एका घराची खिडकी दुसऱ्या घरासारखी म्हणून नाही. पहिल्या घरच्या पडद्यांचे आता उशांचे अभ्रे झाले आहेत.

ते पहिलं घर सोडताना मालकांनी रंगाचे म्हणून डिपॉझिटमधून १५,००० कापून घेतले. "तसंच ठरलं होतं ना?" म्हणाले. ठरलं होतं ते तोंडी, आणि प्रत्येकाला आपल्या सोयीचं आठवतं. मी शाळेत अर्धवेळ शिकवते, पगार ९,०००. म्हणजे दीड महिन्याहून जास्त दिवस तपासलेल्या वह्या त्या भिंतींवर गेल्या. त्या रात्री मला झोप लागली नाही. हे म्हणाले, "जाऊ दे." पुरुषांना 'जाऊ दे' फार लवकर सुचतं.

तेव्हापासून मी कागद वाचायला लागले. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यात कलम ५५ आहे. त्याप्रमाणे करार लेखी आणि नोंदवलेला असायलाच हवा, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची. आणखी एक गोष्ट कळली. अकरा महिन्यांचाच करार करावा असं काही कायद्यात नाही, ती फक्त पडून गेलेली पद्धत.

या घराचे अकरा महिने भरत आले, तसा मालकांचा फोन आला. दहा टक्के वाढ. अकरा महिन्यांचे जवळजवळ वीस हजार! घर सोडलं तर पुन्हा एजंट, टेम्पो, करार मिळून तीस हजारांच्या घरात जाणार. शिवाय मुलीची शाळा लांब पडणार. हे नुसते गप्प बसून राहिले. मी दुधाच्या हिशेबाची वही उघडली आणि एका पानावर आमचा खर्च लिहिला. मग सहज सुचलं म्हणून समोरच्या पानावर मालकांचा: घर एक महिना जरी रिकामं राहिलं तर १८,०००, रंग, त्यांचाही एजंट.

रविवारी ते आले. पोहे दिले आणि वही पुढे ठेवली. छातीत धडधडत होतं, पण बोलले. "तेहेतीस महिन्यांचा करार करू. दर अकरा महिन्यांनी पाच टक्के वाढ. रंगाचं काय ते करारात लिहू, आणि भिंतींचे फोटो आजच काढू."

त्यांनी दोन्ही पानं वाचली. पुन्हा वाचली. मग म्हणाले, "हरकत नाही."

तेवढ्यात सासूबाई आतून म्हणाल्या, "देव्हाऱ्याला दोन खिळे मारायचेत, तेही विचार गं."

मालक हसले. "मारा की आजी. तेही लेखी हवं का?"

"असू दे," मी म्हटलं.